तीन वाजताचा हात

"मावशी, धावा! सेन्योला ठेचतायत!"

काफुई मावशीने हातातला रेडिओ उघडाच टाकला. साठी उलटली होती तिची. केटा गावाच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक रेडिओ दुरुस्तीला कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेला.

रेडिओ केंद्राच्या अंगणात जमाव कोळी सेन्योला वल्ह्यांनी झोडपत होता. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. गळ्यात घालून पेटवायला कुणीतरी टायर आणलं होतं. पेट्रोलही. मध्ये एकटा हवालदार अदुकू.

आत निवेदक एलोम मायक्रोफोनवर पालथा पडला होता. कवटी फुटलेली, बाजूला लोखंडी पाना. टेपवर भजन मात्र चालूच.

"सेन्यो, आत कशाला गेलास?" मावशीने विचारलं.

"रेडिओवर रोजची तीनची मृतांची नावं लागली, ती कालचीच! माझ्या बुडालेल्या भावाचं नाव नाही. जाब विचारायला आलो, तर हा मेलेला."

"तीनला कुठे होतास?"

"किनाऱ्यावर. चाळीस जणांबरोबर जाळं ओढत."

"आणि साडेतीनला येऊन मारलंस!" केंद्राचा मालक तोर्नू गरजला. "मी दोनला, वीज गेली तेव्हाच निघालो. एलोम जिवंत होता. तीनला वीज आली, मशीन सुरू झालं. अख्ख्या गावाने ऐकलं."

"आपोआप सुरू झालं?"

"नाहीतर काय, तू मंत्र म्हटलास?" तोर्नू म्हणाला.

लोक हसले. मावशी हसली नाही.

"तीनपासून मध्ये बंद पडलं होतं का?"

"क्षणभरही नाही," बाजारातल्या बायका म्हणाल्या.

मावशी आत मशीनपाशी गेली. "अदुकू, मुख्य बटण बंद कर. आता चालू कर."

आतून टिक, टिक, टिक. मशीन सुरू झालं नाही.

मावशीने पॉवर सप्लायमधून प्रक्षेपण यंत्राकडे जाणारा प्लग ओढून काढला. हिरवा दिवा लागला.

"याचा एक भाग म्हातारा झालाय. भार अंगावर असला की उठत नाही. आधी भार उतरवायचा, दिवा लागू द्यायचा, मग प्लग लावायचा. म्हणजे तीनला इथे माणसाचा हात होता."

"एलोमचाच!" तोर्नू म्हणाला.

मावशीने प्लग उजेडात धरला. बाहेरून पुसलेला. पण पितळी पिनांवर रक्त.

"लावलेल्या प्लगच्या पिनांवर रक्त उडत नाही. रक्त सांडल्यावर कुणीतरी तो काढून परत लावला. मशीन तीनपासून अखंड चालू. म्हणजे खून तीनच्या आधीचा. सेन्यो तेव्हा जाळ्याच्या दोराला होता. ही खोड मी गुरुवारी दोघांनाच दाखवली होती. एक हा पडलाय. दुसरा आत्ता म्हणाला, आपोआप सुरू झालं."

"खुन्याला मशीनशी काय देणंघेणं?" अदुकूने विचारलं.

"वीज आल्यावर तीनला मृतांची नावं लागली नसती, तर गावाने दार तोडलं असतं. म्हणून कालची टेप. सकाळीच एलोम मला म्हणाला होता, आजच्या नावांत तो सांगणार होता, की सेन्योच्या भावासकट तिघे फुटक्या होडीमुळे बुडाले. होडी कुणाची, तोर्नू?"

तोर्नूने झेप घेऊन तिचा गळा धरला. अदुकूची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. झटापटीत तोर्नूच्या खिशातून रक्ताळलेला कागद पडला. एलोमच्या अक्षरात आजची नावं.

टायर तोर्नूकडे वळलं. तेवढ्यात सेन्यो लंगडत आडवा आला.

"थांबा. आधी नावं."

मावशीने एलोमवर आपली ओढणी पांघरली, हिरवा दिवा बघितला आणि प्लग लावला. फाटक्या ओठांनी सेन्यो तो कागद मायक्रोफोनवर वाचू लागला. पहिलं नाव भावाचं होतं. अंगणात कुणीतरी टायर खाली ठेवलं.