दर किलोला दोन वॅट

यातला एकही आकडा पदरचा नाही. ज्या वहीत ते लिहिलेत, ती वही आजही कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या एका घरात टीव्हीशेजारच्या फळीवर आहे. ज्याला शंका घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. पण वही लिहिणाऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात आकडा फिरवता आला नाही.

तारीख ३ डिसेंबर २०२४. मंगळवार, पहाटेचे पावणेसहा.

जागा, कालव्यावरचा पूल.

श्रीधरराव आगाशे हवामान खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. ठरल्या वेळी उठायचं, पारा बघायचा, दिसेल तो आकडा लिहायचा. नोंद चुकवायची नाही आणि नोंदीत आपलं मत घुसवायचं नाही. शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि ते इथेच राहिले.

निवृत्तीनंतर दिवस खायला उठले, तेव्हा जुन्या काळ्या सायकलला मोटर बसवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. तिथल्याच चांदनी चौकातल्या बाजारातून सेल आणून त्यांनी स्वतः बॅटरी बांधली. मागच्या चाकात मोटर बसवली. हँडलवर बोटभर मीटर लावलं. मोटर किती वॅट ओढतेय, ते त्यावर दिसायचं.

त्यांच्या बायकोला, मंगलाला, गुडघ्यांमुळे लांब चालवत नसे. म्हणून कॅरियरवर जाड उशी बांधली. रोज पहाटे ती मागे बसायची, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या भेरीवर जायचं. भेरी म्हणजे मासे पाळायचं मोठं तळं. बगळे उठेपर्यंत दोघं तिथे थांबत.

श्रीधरराव मोजल्याशिवाय कशाचं समाधान मानणारे नव्हते. तांदळाच्या पिशव्या कॅरियरवर लादून ते पुलाचा चढ चढले. वेग ताशी बारा. मधल्या दिव्याच्या खांबाशी आकडा वाचायचा. एकटे असले की दोनशे दहा वॅट. पुढे दर किलोला साधारण दोन वॅट जास्त.

मंगला म्हणाली होती, तांदूळच फिरवा, बरं पडेल, तांदूळ बोलत नाहीत.

तिचं वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो. मीटरवर तीनशे सव्वीस.

एप्रिलमध्ये तिचा आजार कळला. डॉक्टरांनी दर रविवारी वजन करायला सांगितलं. श्रीधररावांनी चौदा रविवार वजन लिहिलं. अठ्ठावन्न. सत्तावन्न. पुन्हा सत्तावन्न. पंचावन्न. चोपन्न...

चौदाव्या रविवारी सदतीस.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी ती गेली.

शेवटच्या महिन्यात ती एकच गोष्ट मागायची. अहो, मला एकदा तळ्यावर न्या. श्रीधरराव म्हणायचे, बरी झालीस की नेईन.

सायकलवर चादर पडली. ती पाच महिन्यांनी निघाली, ३ डिसेंबरला. घरात बसवेना म्हणून ते निघाले, एकटेच. कॅरियरवरची उशी सोडवायचं मात्र त्यांच्या हातून झालं नाही.

दाट धुकं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पूल जवळ आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, काहीतरी ऐकू येत नाहीये.

कॅरियरची चिमटी सैल होती. मागे कुणी नसलं की ती खड्ड्याखड्ड्याला खडखडायची. मंगला बसली की तिच्या भाराने गप्प व्हायची.

आज ती गप्प होती...

चढ लागला. मोटरचा आवाज जड झाला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मधला खांब आला आणि सवयीने नजर मीटरवर गेली.

तीनशे सव्वीस.

त्यांनी मागे वळून पाहिलं. उशी होती. उशीमागे धुकं होतं.

बाकी काहीच नव्हतं.

ते पूल उतरले, पण तळ्यापर्यंत जायचा धीर झाला नाही. तिथूनच वळले. परतीच्या चढालाही तीनशे सव्वीस.

घरी येऊन त्यांनी सायकल उलटी केली. ब्रेक घासत नव्हता. चाक बोटाने फिरवलं तर फिरतच राहिलं. हवा बरोबर, बॅटरी बरोबर. त्यांनी वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला. कारणाची जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी तीनशे चोवीस.

तिसऱ्या दिवशीही तीनशे चोवीस.

चौथ्या दिवशी तीनशे वीस. पाचव्या दिवशी तीनशे अठरा.

त्या सकाळी चहा गार होईपर्यंत ते वहीकडे बघत बसले. मग वहीची मागची पानं उलटली. दोनशे दहा वजा करा, उरेल त्याला दोनने भागा.

अठ्ठावन्न. सत्तावन्न. पुन्हा सत्तावन्न. पंचावन्न. चोपन्न...

हे एप्रिलपासूनचे रविवार होते. त्याच क्रमाने.

आता भीती वाटायला हवी होती. पण भीतीहून वाईट असं काहीतरी वाटलं. रविवार चौदाच होते. म्हणजे अजून नऊ फेऱ्या.

आता सायकल काढायची नाही, असं ते रोज रात्री ठरवायचे. पहाटे पाय आपोआप चपलेत जायचे. मागे ती असायची, मग घरी बसून कसं राहायचं? पुलापर्यंत जायचे, पूल ओलांडायचे आणि वळायचे. आकडा उतरत होता आणि तो उतरवत होते तेच. एक-एक फेरी करून.

तेराव्या दिवशी दोनशे अठ्ठ्याऐंशी. एकोणचाळीस किलो.

त्या दिवशी त्यांनी सायकल घरात आणली, भिंतीला लावली आणि कुलूप घातलं.

डिसेंबरच्या शेवटी त्यांची मुलगी वैदेही पुण्याहून रजेवर आली. बाबांचा चेहरा उतरलेला. पूर्वी दाराबाहेर असायची ती सायकल आता हॉलमध्ये, आणि जेवताना बाबांची खुर्ची तिच्याकडे तोंड करून. खोदून विचारल्यावर त्यांनी वही पुढे केली.

वैदेही इंजिनियर. तिने सगळं वाचलं आणि आधी बापावर नाही, मीटरवर संशय घेतला. सायकल घेऊन एकटी पुलावर जाऊन आली. आकडा आला एकशे चौऱ्याण्णव. ती बाबांपेक्षा आठ किलोंनी हलकी होती. हिशोब चोख होता. चिमटी जाता-येता खडखडत होती.

सायकल ठीक होती. मीटर ठीक होतं.

"तुमच्याबरोबरच येते ती," वैदेही म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

श्रीधरराव म्हणाले, आता एकच फेरी उरली आहे. ती करायची नाही. कुलूप राहू दे.

वैदेहीला आईचे जूनमधले फोन आठवत होते.

"बाबा, तेरा वेळा निघालात. पुलावरून परत आणलीत तिला. ती तळ्यावर न्या म्हणत होती ना?"

"आहे ती आत्ता. नेली तर संपेल."

"तेव्हाही नाही म्हणालात. आताही नाहीच म्हणताय."

२९ डिसेंबर. रविवार.

वैदेही गॅलरीत उभी होती. बाबा सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक आदळलं.

काही खडखडलं नाही...

पुलाच्या मधल्या खांबाशी दोनशे चौऱ्याऐंशी. सदतीस किलो. श्रीधररावांनी वेग बाराच ठेवला. पलीकडच्या उतारावर मात्र ब्रेक हळू दाबला. आजारी माणूस मागे असताना दाबतात तसा.

ते तळ्याच्या काठाशी थांबले. सायकलवरून उतरले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. पाण्यावर वाफ होती. बगळे अजून उठले नव्हते.

"आलो बघ," ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. पाठीला काही लागलं नाही. कुठला वास नाही, कुठला आवाज नाही.

मग बगळे उठले. सगळे एकदम. रोज ते एकेक करून उठायचे.

ऊन आलं, रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या. श्रीधररावांनी डोळे पुसले, पायडल मारलं आणि निघाले.

पुलाअलीकडच्या खड्ड्यात चिमटी खडखडली...

चढावर मोटर हलकी वाजत होती. खांबाशी दोनशे दहा.

ते तिथल्या तिथे वळले. तळ्यावर परत गेले. मघाच्याच जागी, तसाच पाय टेकवून उभे राहिले. हाक मारली. अर्धा तास थांबले. पुन्हा पूल चढले.

दोनशे दहा.

घरी आल्यावर वैदेहीने त्यांना जवळ घेतलं. आई सुटली, तिला हवं ते मिळालं, असं समजावलं. श्रीधरराव ऐकत राहिले. मग निरीक्षकाच्या कोरड्या आवाजात म्हणाले,

"सुटली असं लिहिता येत नाही गं. जाताना सदतीस किलो होती, येताना नव्हती. इतकंच लिहिता येतं."

थोड्या वेळाने आवाज फुटला.

"निघताना बसलीस का म्हणून विचारलं नाही मी. ती उतरली असेल पाणी बघायला. आणि मी आलो निघून. अकरा अंश तापमान होतं आज."



श्रीधरराव अजूनही रोज पहाटे जातात. कॅरियरवर शाल ठेवतात. काठाशी थांबतात, निघण्याआधी विचारतात आणि बराच वेळ वाट बघतात. मग निघतात.

पावणेसातला वैदेहीचा पुण्याहून फोन येतो. ती फक्त "किती?" विचारते.

"दोनशे दहा."

कुठला आकडा यायला हवा, ते दोघांनाही ठरवता आलेलं नाही.