मधलं फूल

शिवांजलीने उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि नाथाजींनी तिच्याकडे न बघताच टीव्हीचा आवाज वाढवला. सहा वर्षांनी लेक माहेरी आली होती... उंब्रजहून सकाळची पहिली एसटी धरून, विश्रामबागेतल्या या घरी. "पद्मा, बाईस्नी पाणी दे आन् काय काम हाय ते इचार," एवढंच ते बायकोला म्हणाले, जणू दारात कुणी विमा विकायला आलं होतं.

टीव्हीवर कालचा सामना पुन्हा दाखवत होते. मलेशियात बॅडमिंटनची मिश्र सांघिक स्पर्धा चालली होती. एकेरीच्या दोन, दुहेरीच्या दोन आणि मिश्र दुहेरीची एक, अशा पाच लढतींतल्या तीन जिंकणारा देश पुढे जायचा. भारताकडून मिश्र दुहेरीत खेळत होती शिवांजलीची धाकटी बहीण, भार्गवी. काल ती हरली होती. बाकीच्यांनी संघ तारला म्हणून उद्याची उपांत्य फेरी तरी उरली होती.

शिवांजली उभ्यानेच बघत राहिली. भार्गवी आणि तिचा जोडीदार यांच्या बरोबर मधे येणारं प्रत्येक फूल, म्हणजे शटल, भार्गवी सोडत होती... हात उचलत होती आणि आखडता घेत होती. पोरगी घाबरली, असं समालोचक म्हणत होता. पण ही भीती नव्हती, शिस्त होती, आणि ती शिवांजलीनेच लावली होती! दोघी बहिणी जोडीने खेळायच्या तेव्हा एकदा मधल्या फुलावर रॅकेटी भिडल्या आणि दहा वर्षांच्या भार्गवीच्या भुवईवर चार टाके पडले. फौजेत सुभेदार असलेल्या नाथाजींनी त्याच दिवशी हुकूम काढला, मधलं फूल थोरलीचं. पुढची सात वर्षं, धाकटीने त्या फुलाला हात लावला की शिवांजली तिला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायची. आता उंब्रजच्या शाळेत पोरांना शिकवताना तिला पुरतं कळलं होतं, की लहानपणी अंगात मुरलेली सवय नुसत्या ओरडण्याने जात नाही. जिने लावली तिनेच ती सोडवावी लागते.

पण भार्गवी तिच्याशी बोलतच नव्हती. सहा वर्षांपूर्वी राष्ट्रीय निवडीच्या दिवशी ताई मैदानावर आलीच नाही. एकट्या पडलेल्या भार्गवीला ऐनवेळी एका मुलाबरोबर मिश्र दुहेरीत उतरवलं गेलं, आणि तिथे तिचं नशीब फळफळलं. ताईने मात्र कच खाल्ली, असं सगळं घर म्हणू लागलं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी नाथाजींनीच थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुझा गुडघा आता साथ देत न्हाई, तू जोडीत राहिलीस तर दोघीबी मागं राहशीला. धाकटीला कळू दिऊ नगंस, कळलं तर ती तुला सोडून खेळायची न्हाई. रागावली तर खेळंल. आणि शिवांजलीने मान हलवली होती.

"आबा, एकदा फोन लावून द्या," ती आता काकुळतीने म्हणाली. "दोनच मिनिटं. माझ्या नंबरावरून ती उचलत नाही."

"ऐन लढाईत पळालेल्यानं सल्ला द्यायचा नसतो," नाथाजी म्हणाले आणि तिची नजर चुकवून परसात निघून गेले.

पद्माने नवऱ्याचा मोबाईल उचलला आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर भार्गवीचा ओढलेला चेहरा आला. ताईला बघताच तो दगडासारखा झाला.

"आधी एक सांग. त्या दिवशी का आली नाहीस? ते सांगितलंस तर पुढचं ऐकेन."

शिवांजलीच्या ओठांवर सत्य आलं... पण प्रत्येक सामन्याआधी ही पोर आबांशी बोलून मगच मैदानावर उतरायची. उद्याच्या दिवशी तिचा तो आधार कसा काढून घ्यायचा?

"घाबरले होते गं," ती म्हणाली. "हरायची भीती वाटली."

"म्हणजे लोक म्हणत होते तेच."

"तेच. आता ऐक..."

"खोटं बोलतीया ती." परसदारी नाथाजी उभे होते. त्यांनी मोबाईल घेतला. "मीच थांबीवलं तिला. आन् सहा वर्सं तिलाच दोष दिला. खरं सांगितलं आसतं तर तू माझं तोंड बघितलं नसतंस, म्हणून."

मग भार्गवी म्हणाली, "फोन ताईकडे द्या." वडिलांशी ती दुसरा शब्द बोलली नाही.

ताईने तिला शिकवलं, अगदी पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं, सावकाश. मधलं फूल तुझं. रॅकेट भिडली तर भिडू दे, जोडीदार सांभाळून घेईल. भार्गवी रडत रडत हुंकार देत होती.

दुसऱ्या दिवशी दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि सगळं शेवटच्या मिश्र दुहेरीवर आलं. भार्गवीने मधलं एकही फूल सोडलं नाही. तरी तिसरा गेम दोन गुणांनी गेला आणि संघ हरला. नाथाजी भिंतीकडे तोंड करून बसले. काल रात्रीपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं.

तासाभराने त्यांचा मोबाईल वाजला. पडद्यावर भार्गवीचं नाव होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तुझ्यासाठी आसंल," ते थोरलीला म्हणाले.

शिवांजलीने फोन कानाला लावला. पलीकडून भार्गवीने विचारलं,

"ताई... आबा जेवले का?"