डावीकडून तिसरी

भोईवाड्यात कोर्टामागे एका खोलीत आमचं ऑफिस आहे. एखाद्या कुटुंबाची गोष्ट ऐकायची आणि तिची अर्ध्या तासाची फिल्म आणि शंभरेक पानांचं पुस्तक करून द्यायचं, हे आमचं काम. कॅमेरा स्वप्नील सांभाळतो, शब्द मी. त्याआधी अकरा वर्षं मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. चूक मला न शोधता दिसते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला गर्व होता.

सुंदराबाईंचं काम मार्चमध्ये आलं. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचा जन्म गेला. आता चाळीच्याच जागी झालेल्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, त्या मुलाबरोबर राहतात. मुलगा राजरत्न, पन्नाशीचे, बँकेत आहेत, लग्न केलं नाही. पहिल्याच भेटीत बाईंनी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"ह्यात जे जातं ते ऱ्हातं ना?"

"राहतं, आजी."

"मग माझी कांचन घाल त्यात."

कांचन राजरत्नांच्या पाठची. गिरणीसंपाच्या वर्षी तापाने गेली, चार वर्षांची होती. बाळंतपण गावी झालेलं, त्यामुळे जन्माचा दाखला नाही. शाळेत नाव घातलं नव्हतं. फोटो कधी काढलाच नव्हता.

"आम्ही दोघं मायलेक गेलो की तिचं नाव घेणारं कोण हाये?" बाई म्हणाल्या. पुस्तक त्यांना एवढ्यासाठीच हवं होतं.

त्या वर्षीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला काढलेला एक फोटो त्यांनी जपला होता. चाळीच्या गॅलरीत पांढऱ्या कपड्यांतली तिघं: पती बाबुराव, त्या स्वतः आणि सहा वर्षांचा राजरत्न. बाई आणि मुलगा यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. बाईंच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती की घरातलं माणूस गेलं की नंतरच्या पहिल्या फोटोत त्याची जागा सोडायची. कांचनला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. फोटोग्राफर "जवळ सरका" म्हणून वैतागला, पण बाई हलल्या नाहीत.

फोटोखालची ओळ त्यांनीच मला सांगितली. "डावीकडून लिही. बाबुराव, मी, कांचन, राजरत्न." मोकळ्या जागेवर त्यांचं बोट जरा रेंगाळलं. मी लिहून घेतलं.

मग कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं त्या फक्त तिच्याबद्दल बोलल्या. बाबुराव गिरणीतून आले की ती त्यांच्या मांडीवर चढून केसांतला कापूस वेचायची. झोपताना आईच्या पदराचं टोक मुठीत धरायची. राजरत्न शेजारी बसून मान हलवत होते. स्वप्नीलने चष्मा काढून डोळे पुसले. मीही पुसले.

एप्रिलमध्ये शेवटचं प्रूफ वाचताना मी त्या ओळीवर अडले. तीन चेहरे, चार नावं. वाचणारा म्हणणार, छापताना घोळ झाला. फोटोत जितके चेहरे, ओळीत तितकीच नावं, हा माझ्या हाडात मुरलेला नियम. कांचनवर आत सबंध प्रकरण होतंच. मी ओळीतलं तिचं नाव काढलं. एवढ्याशा गोष्टीसाठी राजरत्नांना कुठे फोन करायचा, म्हणून विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नीलने हाक मारली. "सुचित्रा, हे बघ ना जरा. एवढा लांब सायलेंट शॉट आपण कशाला घेतला?"

पडद्यावर सुंदराबाई बसल्या होत्या. पंख्याची घरघर, खालचे हॉर्न, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बाईंचे ओठ मिटलेले होते. मधूनच त्या पदराने डोळे टिपत आणि पुन्हा गप्प बसत. शेजारी राजरत्न मान हलवत होते. हे चाळीस मिनिटं चाललं.

"त्या बोलत होत्या, स्वप्नील. तू रडलास."

"कशाबद्दल बोलत होत्या?" त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

मी पुस्तकाची फाइल उघडली. साठाव्या पानावर संप, एकसष्टाव्यावर राजरत्नची शाळा. मधलं प्रकरण नव्हतं, आणि पानांचे आकडे बरोबर होते. फोटोत तिघं खांद्याला खांदा लावून उभी होती. फोटो मोठा करून करून जोड शोधला. मला कुठेही चूक सापडली नाही.

मी नाव परत घातलं आणि ते पान राजरत्नांना पाठवलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"मॅडम, माणसं तीन आणि नावं चार? ही कांचन कोण?"

"तुमची बहीण."

"मला बहीण नाही हो. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातलं आलं असेल. तेवढं काढून टाका."

फोन ठेवल्यावर मला रडू फुटलं. मी टॅक्सी केली आणि वरळीला गेले.

दार उघडंच होतं. सुंदराबाई पलंगावर बसून पदराचं टोक बोटांनी चाचपत होत्या.

"ये बाय, बस. कालपासनं कायतरी हरवलंय बघ. सगळं घर धुंडाळलं. काय ते आठवतच नाय. तुला सांगितलं होतं काय मी?"

मी सांगितलं. ताप, कापूस, पदर, सगळं त्यांच्याच शब्दांत. शेजारणीचं दुःख ऐकावं तसं त्यांनी ऐकलं.

"चार वर्षांची," त्या हळहळल्या. "आईनं कसं काढलं असंल गं."

"आजी, ती तुमची."

"माझा एकच. राजा."

मी त्यांचे पाय धरले आणि माफी मागितली. कशाची, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता हात थांबला. त्या माझ्या मागे, दाराकडे बघत होत्या.

"अगं, तिला बाहेर का उभी केलीस?"

मी एकटी आले होते.

"ये गं, आत ये. लाजतीय बघ."

मला मान वळवता येईना.

बाईंनी उशालगतच्या डब्यातून एक बिस्किट काढलं. वाकून, माझ्या खांद्याशेजारून हात लांब केला.

"घे. भिऊ नको. कुणाची गं तू?"

उत्तर ऐकायला त्या आणखी पुढे वाकल्या. मग त्यांनी हात मागे घेतला. हातात बिस्किट नव्हतं.