‘सध्या’ला रकाना नाही

आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे सर्व माणसं समान असतात. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लसहून रामल्लाला निघालेल्या पिवळ्या टॅक्सीत तर पुरावाच होता: सात माणसं, तपासणी नाक्यापुढे दीड तास, सगळी सारखीच घामेजलेली.

त्यातली बिसान मांडीवरचा अर्ज दहाव्यांदा वाचत होती. हेगच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेला जायचं तर अनुदान हवं, अनुदानाला दोन वक्ते हवेत. आणि तिच्या जोडीदारणीला आजच सकाळी प्रवासाचा परवाना नाकारला होता. दोनच्या आत सह्यांचा मूळ अर्ज रामल्लात पोचायला हवा. साडेबारा वाजले होते.

“दुसरं नाव कोरंच आहे,” शेजारचा तरुण म्हणाला.

“तुम्ही लोकांचे कागद वाचता?”

“दीड तास काय वाचू? अबू वाइलची मान?”

“मानेवर लिहिलंय, उतरा आणि चालत जा,” चालक अबू वाइल मागे न बघता म्हणाला.

तरुणाचं नाव उबैदा. कायद्याच्या चौथ्या वर्षाला, तिच्याच विद्यापीठात. बिसानने त्याच्याकडे पाहिलं… पापण्यांवर धूळ होती. तिने पेन पुढे केलं.

“सही कराल?”

“चार मिनिटांच्या ओळखीवर? वकीलबाई, घरी विचारावं लागेल.”

“कर रे बाबा!” अबू वाइल ओरडला.

त्याने सही केली. शेवटच्या प्रश्नाशी मात्र पेन अडलं— दोन्ही वक्ते नात्यातले आहेत का?

“लिहा ना, नाही.”

“सध्या… नाही.”

“‘सध्या’ला रकाना नाही.” तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खालची ओळ तिने घाईघाईने वाचली, “‘स्पर्धा संपण्याआधी नातं जुळल्यास अनुदान रद्द.’”

“संपते कधी?”

“अठ्ठावीस फेब्रुवारीला.”

“थांबेन.”

“मी काही विचारलं नाही!”

“मीही काही बोललो नाही. कलमाचा अर्थ लावला.”

एक वाजता रांग हलली. दोनला तीन मिनिटं कमी असताना दोघं कार्यालयाचा जिना धावत चढत होते. तिचा पाय सटकला. त्याने अर्ज झेलला.

“आधी अर्ज?”

“हात विचारून धरणार होतो.”

तिने हात दिला. एका मजल्यापुरता.

पुढे दर मंगळवारी दोघं सराव करत— मध्ये एक बाक ठेवून, कलमाचा मान राखून. उत्तर आलं नाही, तिकिटं आली नाहीत. अठ्ठावीस फेब्रुवारीला हेगमध्ये स्पर्धा त्यांच्याविनाच संपली. त्याच संध्याकाळी उबैदाची आई कुनाफ्याच्या मिठाईचं तबक घेऊन बिसानच्या घरी आली आणि दोन्ही घरच्या मोठ्यांनी कुराणातला फातिहा वाचून सोयरीक पक्की केली.

अनुदान मंजूर झाल्याचं पत्र मे महिन्यात आलं.