अंगठीचे दोन ठोके

टिंग... टिंग. पाण्याच्या ग्लासवर अंगठीचे दोन हलके ठोके. पस्तीस वर्षं झाली, पण पियानो जुळवणाऱ्या म्हाताऱ्याच्या कानातून तो आवाज काही गेला नव्हता. त्याची बायको हॉटेलात जॅझ गायची. तिने ते दोन ठोके दिले की वाजवणारे सुरू व्हायचे. तिची पहिली रेकॉर्ड निघायची होती, त्याच आठवड्यात ती तापाने गेली. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्या ठोक्यांबद्दल त्याने मुलीला कधी सांगितलंच नाही.

आज मुलीची पहिली रेकॉर्ड निघत होती. दुपारचं मऊ ऊन रेकॉर्डच्या दुकानात आडवं पसरलं होतं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती. म्हातारा कोपऱ्यातल्या पियानोच्या तारा जुळवत होता, मुलगी शेजारीच उभी होती.

"काका, आज तरी माझ्या पियानोला नावं ठेवू नका," दुकानदार हसला.

"मी कुठे ठेवतोय? तोच सकाळपासून रडतोय."

दुकानदाराने तिची रेकॉर्ड लावली. सुई टेकली, जराशी खरखरली, आणि गाण्याच्या आधी... टिंग... टिंग.

म्हाताऱ्याचा हात तारेवरच थांबला.

"बाबा, हा कसला आवाज?" मुलीने विचारलं. "स्टुडिओत ग्लास नव्हताच."

तिच्यासाठी पियानोवर भरून ठेवलेला ग्लास त्याने गुपचूप उचलला, मागच्या खोलीत नेला, पाणी ओतून पालथा घातला. खोलीत कुणी नव्हतं. तरी ज्येष्ठमधाचा वास होता. बायकोच्या तोंडात कायम ज्येष्ठमधाची गोळी असायची.

"तुझी रेकॉर्ड राहिली गं..." तो पुटपुटला. "हिची निघू दे. हिला सोड..."

तो परतला तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. रेकॉर्ड थांबली होती, आता मुलगी लोकांसमोर गाणार होती. ती पियानोपाशी उभी राहून ग्लासाच्या ओल्या वर्तुळावरून बोट फिरवत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ग्लास कुठे ठेवलात?"

जन्मात तिने त्याला बाबाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"बाळ..." तो तिच्याजवळ गेला. "मी बाबा ना तुझा?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओळखीचं हसली, फार जुन्या ओळखीचं. आणि माईककडे चालत गेली.