तेरा पन्नासची नोंद

तेराव्याला आलेली माणसं गेली, भाऊ दिनेश हैदराबादला परतला आणि घर आवरायचं काम साधनावर आलं. ते तिच्यावरच येणार होतं. पुण्याच्या ऑफिसातून तिने आणखी आठवडाभराची रजा मागून घेतली, नाशिकच्या सिडकोतल्या त्या रो-हाऊसच्या खिडक्या उघडल्या आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. डबे, पितळी भांडी, आईच्या वेळची लोणच्याची बरणी. मागची खोली तिने शेवटी ठेवली.

मागची खोली बाबांची. खंडेराव दातीरांनी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं विजेच्या उपकरणांच्या चाचण्या घेतल्या, आणि बावन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला. साधनाचं लग्न त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं. त्यामुळे त्या खोलीशी तिची ओळख पाहुणीइतकीच. दिवाळीत यायचं, दारात उभं राहून "बाबा, चहा निवतोय" म्हणायचं. आत बाबा कानाला हेडफोन लावून मोर्सच्या किल्लीवर बोटं नाचवत असायचे. एक हात वर करायचे, म्हणजे थांब.

सेट टेबलावर तसाच होता. खिडकीतून निघालेली तार गच्चीवरच्या पाइपापर्यंत गेली होती. शेजारी चौऱ्याण्णव साली सुटे भाग आणून जोडलेला संगणक, जुन्या दातासारखा पिवळा पडलेला. त्याच्यामागे छापलेल्या कागदांची लांबलचक घडी, वर मथळा 'मते'. ती खाली बसून वाचू लागली.

'माऊस हे आळशी हाताचं खेळणं आहे. ज्याला आज्ञा लिहिता येत नाही, त्याने ती देऊ नये.'

'नवं सॉफ्टवेअर जुन्या चुका दुरुस्त करत नाही. त्यांना रंग देतं.'

'इंटरनेटवर तुमच्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये दहा दुकानं असतात. रेडिओवर मध्ये फक्त आकाश.'

इथे तिला हसू आलं. मग पुढचं मत आलं. 'हार्ड डिस्क सांगून मरत नाही. म्हणून लॉग वहीतच लिहावा.' तिने घडी मिटून ठेवली.

भिंतीवरचं घड्याळ भलतीच वेळ दाखवत होतं. सकाळचे दहा झाले होते आणि त्यात साडेचार. तिने सेल बदलला, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवली आणि काच पदराने पुसली.

लॉगची वही टेबलाच्या खणात होती. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाशी बोलणं झालं, एवढंच त्यात. बारा वर्षांच्या सात वह्या, सगळ्यांत तेच ताठ अक्षर. शेवटच्या वहीतली शेवटची नोंद चौदा मे दोन हजार तीनची होती. वेळ १३:५०. समोरचं स्टेशन बेळगावचं, नाव हेरेकर.

चौदा मे. त्याच दिवशी बाबा गेले.

तिने ती ओळ परत वाचली. मग खुर्चीत बसून राहिली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

कारण त्या दिवशी सकाळी साडेअकराला बाबांचा तिच्या ऑफिसात फोन आला होता. समोर साहेब उभे होते. "बाबा, मीटिंग आहे. नंतर बोलते." "बरं," ते म्हणाले होते. अडीचला सरूबाई भांडी घासायला आल्या, तेव्हा बाबा याच खुर्चीत टेबलावर कलंडलेले होते. दोनच्या सुमाराला गेले असावेत, असं डॉक्टरांनी लिहिलं. साडेअकराला त्यांना काय सांगायचं होतं, हा प्रश्न तेव्हापासून साधनाला सोडत नव्हता. त्यांना तेव्हाच त्रास होत होता का? मीटिंग सोडून तिने विचारलं असतं, शेजारच्यांना फोन केला असता, तर?

आता ही ओळ होती. दोनला दहा कमी असताना माणूस बेळगावशी गप्पा मारत होता, तारीख-वेळ घालून सरळ अक्षरात लिहीत होता. म्हणजे साडेअकराला काही नव्हतं. गॅसच्या नंबराचं वगैरे काहीतरी असेल. गेले ते एकदम गेले. तिने वही मिटली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

चार वाजता यादवकाका आले. ओझरला नोकरी करून निवृत्त झालेले, बाबांचे रेडिओतले जुने मित्र. परवाना नसलेल्या घरात सेट ठेवता येत नाही, म्हणून तो न्यायला आले होते. बाहेर ऊन रणरणत होतं. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, सेटवरून हात फिरवला आणि भिंतीकडे पाहून थबकले.

"घड्याळाला कोणी हात लावला?"

"मी, काका. भलतीच वेळ दाखवत होतं."

"अगं वेडे, ते ग्रिनिचचं होतं!" ते हसले. "आपल्याहून साडेपाच तास मागे. लॉग त्याच वेळेत लिहायचा, जगात सगळे हौशी तसाच लिहितात. एकदा मी चुकून आपली वेळ टाकली, तर तुझ्या बापाने ऑन एअर माझी शोभा केली. म्हणाला, यादव, वहीला गाव नसतं."

साधनाही हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि ती मनात बेरीज करू लागली.

"काका, तेरा पन्नास म्हणजे आपले किती?"

"सात वीस. संध्याकाळचे. का गं?"

तिने खण उघडला, वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. काकांनी चष्मा लावला.

"चुकला असेल," ते म्हणाले. "बरं वाटत नसेल, नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली असेल. आपली वेळ टाकली."

"बारा वर्षांत कधी चुकले होते?"

काका टोपी हातात घेऊन उलटसुलट करत राहिले.

सरूबाई ओटा पुसून निघाल्या होत्या. साधनाने त्यांना दारातच थांबवलं. "सरूबाई, त्या दिवशी बाबांना उचलल्यावर या खोलीत कोणी आलं होतं?"

"कोण येईल ताई? साहेबांना पुढं नेलं आन् म्याच ते मशीनचं बटन बंद केलं. लाल दिवा लागला व्हता ना. मंग कुलूप घातलं. म्हनलं लय माणसं येनार, चपला घालून आत घुसतील, साहेबांना नाय चालायचं."

"चावी?"

"माझ्या कमरंला. दुसऱ्या दिवशी दिनेशभाऊंच्या हातात दिली. का, काय गेलंय का?"

"नाही. काही गेलं नाही. या तुम्ही."

काकांनी पिशवीतून देशभरच्या हौशींच्या पत्त्यांचं पुस्तक काढलं. "हेरेकरला विचारू. त्याच्याही वहीत वेळ असेलच. एका मिनिटात शंका फिटेल." त्यांनी फोन लावला, पण पलीकडे घंटी वाजू लागताच रिसीव्हर साधनाच्या हातात दिला.

"हं, बोला की," पलीकडून म्हातारा, मोकळा आवाज आला.

"मी नाशिकहून बोलते. खंडेराव दातीरांची मुलगी."

"अरे वा! म्हणजे पुण्याहून आलेल्या त्या तुम्हीच! बसा, बसा. म्हणजे, उभ्या असाल तर बसा हो. बाबांना सांगा, आमच्या बोलण्याच्या पावतीचं कार्ड आजच पोस्टात टाकलं."

बाबा गेले, हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण विचारलं वेगळंच, "चौदा तारखेला तुमचं बोलणं किती वाजता झालं?"

वहीची पानं चाळल्याचा आवाज. "तेरा पन्नास. सात वीस आपले. आमच्याकडे दिवा लावून झाला होता, म्हणून चांगलं आठवतं."

"बाबाच होते?"

"अहो, मोर्सचा हात लपत नाही. दहा वर्षं ऐकतोय. थोडा संथ होता, तेवढंच. मी विचारलंसुद्धा, तब्येत कशी? तर म्हणाले, सकाळी छातीत कळ आली होती, मुलीला फोन केला, पण तिला काम होतं. आता कळ नाही."

साधनाने डोळे मिटले. यादवकाका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"रागावले होते?" तिने विचारलं.

"छे हो! घरात फार माणसं जमलीत, म्हणाले. मुलगी आली आहे, शेजारी बसली आहे. मी म्हटलं, मग सेटवर काय करताय? बोला की तिच्याशी. तर म्हणाले, दमली आहे ती. बसू दे."

ती सातला पोहोचली होती. दिवाणखान्यात, बाबांच्या डोक्याशी बसली होती. कोणाशी बोलली नव्हती. रडलीही नव्हती.

"अजून काही?"

"बाकी नेहमीचंच. आम्ही हौशी लोक हवापाणी विचारल्याशिवाय सोडत नाही. पण तेच जरा विचित्र बघा. त्यांनी कळवलं, फार थंडी. मी म्हटलं, मे महिन्यात, नाशकात? परत विचारलं. परत तेच. फार थंडी आणि ओल."

दिनेश पहाटे मनमाडला उतरणार होता. तोवर देह ठेवायचा, म्हणून त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. त्यांतल्या दोन लाद्या बाबांच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि उरलेल्या टेम्पोतून उतरवायला सगळे पुरुष बाहेर गेले. बायका स्वयंपाकघरात होत्या. चार-पाच मिनिटं दिवाणखान्यात ती एकटी होती.

"मग मानेखाली पाणी येतंय, म्हणाले. मला वाटलं, छत गळतंय की काय. मग 'थांबा' अशी खूण दिली. मी थांबलो. चारेक मिनिटं काही नाही."

साधनाचा हात फोनच्या वायरीवर गेला.

"आणि मग परत आले. म्हणाले, आता ठीक आहे. मुलीने रुमाल घातला."

तो रुमाल तिच्या पर्समधला होता. घडी करून तिने तो हळूच मानेखाली सरकवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबरच गेला. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

"हॅलो?" हेरेकर म्हणत होते. "ताई, आहात ना? रुमाल ओला झाला की बदला, असंही म्हणाले होते. तुम्हाला सांगितलं असेलच त्यांनी."