सोन्याचे आणखी चार थर

"तुम्ही माझ्या भावाच्या खुर्चीत बसला आहात," दारातून कोणीतरी म्हणालं.

ती दचकून उठली. दारात एक उंच तरुण उभा होता. हातात रिकामं खोकं, मनगटावर ताजे ओरखडे, अंगाला स्पिरिटचा वास. कपाळ, भुवया... अगदी दादासारख्याच.

"तुम्ही दादाचे—?"

"धाकटा भाऊ. तुम्हीही त्याला दादाच म्हणायचात?"

"अख्खी लॅब म्हणायची. मॅडमसुद्धा."

"बघा! आणि मला वाटायचं, तो माझ्या एकट्याचा आहे." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच विरलं.

दादा जाऊन फार दिवस झाले नव्हते. रक्ताचा आजार होता. त्याचं अपुरं राहिलेलं संशोधन लॅबच्या प्रमुख मॅडमनी तिच्याकडे सोपवलं, कारण ती त्याच्याच हाताखाली शिकली होती. धाकटा भाऊ त्याच्या वस्तू न्यायला आला होता. एक स्वेटर, एक कप, टेबलाखालच्या झिजलेल्या चपला.

"तो इथे नेमकं करायचा काय?" खोकं भरता भरता त्याने विचारलं. "मी जनावरांचा डॉक्टर. घरी विचारलं की म्हणायचा, तुझ्या डोक्यावरून जाईल."

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मधोमध एक इवलासा रेणू, आणि दोन्ही बाजूंना गोट्यांसारखे रचलेले सोन्याचे पिवळे अणू.

"ही दोन टोकं म्हणजे इलेक्ट्रोड. एकीकडून वीज येते, रेणूतून जाते, दुसरीकडे पोचते. किती पोचते, ते आम्ही गणिताने काढतो."

"इलेक्ट्रोड तर मी कुत्र्यांच्या छातीला लावतो."

"आणि ती लावून घेतात?"

त्याने मनगट पुढे केलं. "हे मांजराचं. कुत्री त्या मानाने सभ्य."

ती हसली. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसत होतं.

स्वेटर तो विसरून गेला. तो न्यायला पुन्हा आला. मग चपला राहिल्या होत्या. मग विसरण्यासारखं काहीच उरलं नाही, तरी तो येत राहिला... दवाखाना आटोपून, कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर चहा घेऊन बसायला.

"इलेक्ट्रोडचे अणू हलवायचे नसतात," ती सांगायची. "मधले अणू आपापली सोयीची जागा शोधतात. यांनी मात्र अखंड सोन्यात बसतात तसंच बसायचं. कारण गणितात यांच्या मागे सोनंच सोनं आहे, न संपणारं."

"आणि हलले तर?"

"तर सांधा जुळत नाही. वीज तिथेच अडखळते, आणि आपण बिचाऱ्या रेणूला दोष देतो."

"तुम्ही सगळ्यांशीच इतकं बोलता?"

"ऐकणाऱ्याशी बोलते. अणू कुठे ऐकतात?"

"माझे पेशंट ऐकतात, पण बोलत नाहीत. म्हणून तर..." वाक्य तिथेच सोडून त्याने कपात डोकं घातलं. तिनेही नजर खिडकीकडे वळवली. कान मात्र तापले होते.

दादाने शोधून काढलेली गोष्ट मोठी होती. तो रेणू जरासा पिळला, की वीज थांबायची. दिव्याचं बटण बंद करावं तशी! लेख छापायचाच बाकी होता. "आई सगळ्यांना सांगत सुटलीय, माझ्या लेकाचा शोध जगभर जाणार म्हणून," डॉक्टर एकदा म्हणाला. "त्या एका गोष्टीवर उभी आहे ती."

छापण्याआधी मॅडमनी एकदा सगळं तपासून घ्यायला सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

रेणू आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये सोन्याचे पुरेसे थर लागतात. रेणूमुळे आसपास जी खळबळ होते ती त्या थरांमध्येच निवली पाहिजे. इलेक्ट्रोडला तिची चाहूलही लागता कामा नये. दादाने थर फारच थोडे ठेवले होते. तिने दोन्हीकडे आणखी चार चार थर रचले आणि गणित पुन्हा चालवलं. रेणू पिळला गेला, पण वीज थांबली नाही. किंचित मंदावली, आणि वाहत राहिली. तिने अजून थर वाढवले. आता उत्तर जागचं हललं नाही.

दादा चुकला होता.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "असं छापता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी कोण सांगणार?"

"मी सांगते."

कॅन्टीनमध्ये डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. चहावर साय धरली.

"चार थर," तो म्हणाला. "चार थरांपायी...?"

"सगळी भिस्त त्यांच्यावरच असते."

"तो आता स्वतःची बाजू मांडायला येणार नाही. तुम्हाला गप्प बसता आलं नसतं?"

"आलं असतं," ती हळूच म्हणाली. "पण मग दादाचं नाव घेताना जीभ अडखळली असती."

तो उठून गेला. मागे वळूनही न बघता.

त्यानंतर तो आला नाही. दार वाजलं की तिची मान आपोआप वर व्हायची. कॅन्टीनमधल्या त्या टेबलाशी ती बसेनाशी झाली. आपण कोणाची वाट बघतो आहोत हे तिला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

मग एका दुपारी तो दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"एकच विचारायचंय. थर कमी ठेवले तर फायदा काय होतो?"

"गणित लवकर सुटतं. आठवड्याचं काम दिवसात होतं."

तो समोरच्या स्टुलावर बसला. "हे काम चालू होतं तेव्हा त्याला आजार कळला होता. घरात फक्त मला सांगितलं होतं त्याने. तेव्हापासून सगळंच भराभर करायचा. जेवायचासुद्धा. त्याला... माहीत नसेल का, थर कमी आहेत म्हणून?"

"थर कधी कमी ठेवायचे नाहीत, हे मला त्यानेच शिकवलं."

"म्हणजे नंतर वाढवणार होता."

"हो. नंतर."

यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आईला तुम्ही सांगाल?" तो म्हणाला. "माझ्याने होत नाही."

त्याच्या घरी आई मटार सोलत बसली होती. समोर बसून तिने आईला सगळं सांगितलं, सोपं करून, पण काहीही न लपवता. आईचे हात थांबले.

"म्हणजे माझं पोर चुकलं."

"घाईत होतं, आई. पण प्रश्न त्याचाच, आणि तो खरा होता. आता उत्तर दुरुस्त करून छापू. बटण बंद होत नाही, असं. पहिलं नाव त्याचंच."

आईने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "कोणा परक्याने चूक काढली असती तर जिवाला लागलं असतं गं. तू काढलीस, बरं झालं. आता जेवल्याशिवाय जायचं नाही."

जेवणं झाली तेव्हा उन्हं कलली होती. तो फाटकापर्यंत सोडायला आला.

"आईने तुला परकी म्हटलं नाही," तो म्हणाला. तिला 'तू' म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. "मी तर केव्हापासून... म्हणजे त्या दिवशी उठून गेलो, ते चुकलंच. पण त्याच्याही आधीपासून मला... जाऊ दे. नंतर कधीतरी—"

"नंतर नको," ती म्हणाली. "आत्ता बोल."

आणि तो बोलला. अडखळत, शब्द चुकत, पण शेवटपर्यंत. तिने फाटकाच्या कडीवरचा हात काढला आणि त्याच्या ओरखडलेल्या हातात दिला.

"अरे, गेली का ती?" आतून आईची हाक आली.

"नाही आई," तिच्याकडेच बघत तो म्हणाला. "इथेच आहे."